डावा खांदा

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची, माघातल्या गणेश जयंतीच्या दिवसाची. त्या साली थंडी लांबली होती. कांदा अजून जमिनीत होता, पाटाला पाणी होतं, आणि मंचरच्या पलीकडच्या त्या वाडीत ट्रॅक्टर दोनच होते. त्यातला एक भरतचा. म्हणून लेण्याद्रीला जायचं ठरलं की सगळी आळी भरतच्या ट्रॉलीत बसायची. खाली कडबा, त्यावर घोंगड्या, मध्ये भाकरींची पाटी. बायका कडेच्या फाळक्यांना पाठ लावून बसायच्या आणि कळंब सुटलं की गाणी सुरू व्हायची.

त्या वर्षी मंगल गाणी म्हणत नव्हती.

मंगल ही भरतची बायको. वय अठ्ठावीस, शाळा सातवीपर्यंत झालेली, पदरात अक्षदा नावाची सहा वर्षांची मुलगी. मुलीला त्या दिवशी शेजारणीकडे ठेवलं होतं. मंगलला तिसरा महिना चालू होता आणि ते तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही. दोन्ही वेळा पाळीचे दिवस आले तेव्हा ती रीतीप्रमाणे चार दिवस बाजूला बसली. वेगळं ताट, वेगळं अंथरूण. कोरडी फडकी पाटावर नेऊन धुतली आणि सगळ्यांना दिसतील अशी बाभळीवर वाळत घातली. असलं खोटं तिनं आजवर केलं नव्हतं. पण सासूला कळण्यापेक्षा ते बरं.

सासू साळुबाई. दोन वर्षांपूर्वी तिनंच मंगलला पुण्याच्या बाजूला एका दवाखान्यात नेलं होतं. अंधारी खोली, पोटावर गार चिकट काहीतरी, आणि टीव्हीसारख्या पडद्यावर नुसत्या राखाडी मुंग्या. तिथला माणूस मंगलशी एक शब्द बोलला नाही, साळुबाईशीच बोलला. "जा गं, घाबरू नको," साळुबाई म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी साळुबाईनं एका कागदावर अंगठा उठवला आणि संध्याकाळी मंगल रिकाम्या पोटी एसटीत बसली. घरी आल्यावर साळुबाईनं आठ दिवस तिला डिंकाचे लाडू करून घातले. मंगलनं ते मुकाट्यानं खाल्ले.

तेव्हापासून तिला सोनोग्राफी हा शब्दसुद्धा सोसायचा नाही. आणि या वेळी तिनं मनाशी ठरवलं होतं, की पाचवा लागेपर्यंत लुगड्याच्या घोळात लपवायचं. मग काय होईल ते होईल.

लेण्याद्रीच्या पायऱ्या ती सगळ्यांच्या मागून चढली. वर गिरिजात्मजासमोर साळुबाईनं तिच्या ओटीत नारळ घातला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. काय मागतेय ते सांगायची गरज नव्हती. गिरिजेनं इथं तप केलं ते पुत्रासाठी, हे वाडीतल्या पोरींनाही पाठ होतं. मंगलनंही हात जोडले. तिचं मागणं एवढंच होतं की कुणाला कळू देऊ नको.

परतताना येडगावात नणंदेकडे, झुंबरबाईकडे जेवण झालं. दोनच्या सुमारास ट्रॉली निघाली. धरणाजवळच्या चढावर भरतनं गिअर बदलला आणि खाडकन आवाज झाला. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी जी लोखंडी पिन असते, तिचा चाप मागच्या आठवड्यात हरवला होता. भरतनं तिथं तार पिळून घातली होती. ती तार तुटली, पिन उडाली आणि ट्रॉली माणसांसकट मागं घसरायला लागली.

"धरा! धरा गं!" कुणीतरी ओरडलं.

जिला जे सापडलं ते तिनं धरलं. ट्रॉली रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली आणि एका अंगावर कलंडली. मंगल फाळक्यावर आपटली, डाव्या बरगड्यांवर. क्षणभर श्वासच आला नाही. मग आला, आणि ती उठून उभी राहिली. तिनं आधी लुगडं पाहिलं. रक्त नव्हतं. तेवढ्यानं तिला हायसं वाटलं.

कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं कपाळ. साळुबाईचं उजवं मनगट मात्र वाकडं झालं होतं. भरत चारीत उभा होता. "माज्यामुळं झालं. त्या तारेमुळं झालं," एवढंच म्हणत होता.

"मंगल, तुला काय लागलं का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. काय न्हाई. आत्यांचं बघा."

मंचरला निघालेला दुधाचा टेंपो थांबवला. भरत ट्रॉली काढायला मागं राहिला. सासूचा हात धरायला सून टेंपोत चढली. नारायणगावात दवाखाने होते, पण हातच मोडलाय, माणूस बोलतंय चालतंय, मग घराजवळच जाऊ असं ठरलं. मंचरच्या औटी डॉक्टरांकडे सगळी वाडी जायची.

वाटेत मंगलचा डावा खांदा दुखायला लागला. आधी ठसठस, मग कुणी आतून सुई टोचावी तशी कळ. साळुबाईच्या पिशवीत बामची डबी होती. डाव्या हातानं तिनं ती काढून दिली.

"लाव. आपटला असंल."

मंगलनं लावला. खांद्यावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

औटींचा दवाखाना हमरस्त्याला लागून होता. डॉक्टर ऑपरेशनं करायचे, त्यांच्या बायकोला सगळे औटीबाई म्हणायचे, त्या बाळंतपणं करायच्या आणि मशीन चालवायच्या. एक्स-रेच्या खोलीत भागू होता. पश्चिमेकडच्या डोंगरातला, हडकुळा, मोठ्या कानांचा माणूस. त्यानं साळुबाईचा हात पाटीवर ठेवला आणि मंगलकडे वळला.

"बाई, आजीचा हात धरावा लागंल. पर दिवस गेल्यात का? असतील तर भाईर थांबा. हे किरण पोटातल्याला चांगले न्हाईत."

तो सगळ्याच बायकांना असं विचारायचा, ते त्याचं कामच होतं. मंगलला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, याला दिसलं. साळुबाई तिच्याकडेच बघत होती.

हो म्हणावं तर सगळं संपलं. नाही म्हणून हात धरावा तर पोटातल्याला धोका.

"मला... पाणी प्यायचंय," मंगल म्हणाली आणि बाहेर आली.

भागूनं पाठमोऱ्या तिच्याकडे पाहिलं आणि हात धरायला नर्सला हाक मारली.

बाहेर बाकडं होतं. मंगलनं माठातलं दोन पेले पाणी प्यायलं, तरी तहान जाईना. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता. समोरच्या दारावर लाल अक्षरात सोनोग्राफी लिहिलं होतं, आणि त्याखाली नवी कोरी पाटी होती. येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. मंगलनं ती दोनदा वाचली. तिचा विश्वास बसला नाही. पुण्याच्या त्या दवाखान्यात तर भिंतीवर देवीची तसबीर होती आणि तिला ताजा हार होता.

भागू ओली फिल्म हातात धरून बाहेर आला आणि थांबला.

"बाई, खांदा का चोळताय?"

"ठणकतोय. बाम लावलाय."

"खांद्यावर पडला व्हता?"

"न्हाई. हितं लागलं." तिनं बरगडीवर हात ठेवला.

"बाकड्यावर जरा आडव्या व्हा बरं."

ती आडवी झाली आणि खांद्यातून अशी कळ गेली की ती ओरडून उठली. भागूचा चेहरा उतरला. फिल्म तशीच बाकड्यावर ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ऐका. माजा थोरला भाऊ हिरडा झोडायला झाडावर चढला व्हता. पडला कुशीवर. चालत घरी आला. सारखं म्हणायचा, खांदा दुखतोय. आमी सगळे मिळून त्याचा खांदा चोळत बसलो. तेल काय, पाला काय. दिवस मावळायच्या आत गेला. खांद्याला काय झालंच नव्हतं, बाई. आत पोटात रगात साचलं की कळ खांद्यात येती. मला हितं कामाला लागल्यावर कळलं." तो उठला. "बाईंना बोलावतो. हलू नका."

मंगलला पळून जावंसं वाटलं. समोर उघडं दार होतं, त्यापलीकडे रस्ता. पण पाय जड झाले होते आणि दाराची चौकट हळूहळू हलत होती.

औटीबाई आल्या. नाडी धरली, पापणी ओढून पाहिली, दंडाला पट्टा गुंडाळला. पारा पाहताना त्यांचे ओठ आवळले गेले.

"हिला आत घ्या. मशीनवर."

"न्हाई," मंगल म्हणाली.

"अगं, दुखत नाही त्यात. पोटात रक्त आहे का ते बघायचंय."

"मला नगं. त्या मशीनखाली मला झोपायचं न्हाई. मला घरी जायचंय."

तिनं दोन्ही हातांनी बाकडं धरलं. नर्सनं बोटं सोडवायला पाहिली, ती सुटेनात.

तेवढ्यात साळुबाई आली. हाताला तात्पुरती फळी बांधलेली, गळ्यात अडकवलेली झोळी. तिनं सुनेकडे पाहिलं, दारावरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"कितवा हाय?" तिनं विचारलं.

मंगलनं मान खाली घातली.

"मला चारीतच कळलं," साळुबाई म्हणाली. "ट्रॉली कलली तवा समद्यांनी दांडी धरली. तू दांडी सोडलीस आन पोट धरलंस. दोनी हातांनी. म्हणून तर आपटलीस."

मंगलला वाटलं, आता संपलं. तिला खांद्याचं काही वाटेना, श्वासाचं काही वाटेना. लेण्याद्रीपासून इथवर आणलेलं सगळं या बाईच्या हातात गेलं.

"जा गं, घाबरू नको," साळुबाई म्हणाली.

तेच शब्द. तोच आवाज. मंगलनं बाकडं आणखी घट्ट धरलं आणि ती किंचाळली, "त्यांना भाईर काढा! बाई, तुमच्या पाया पडते, त्यांना भाईर काढा!"

साळुबाई जागच्या जागी उभी राहिली. एवढ्या वर्षांत सुनेनं तिच्यावर आवाज चढवला नव्हता. मग ती औटीबाईंकडे वळली.

"आजी, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा," औटीबाई म्हणाल्या.

"तितं बी नगं. भितीला कान लावून बसली असंल म्हणंल ती. मी पल्याड जाती."

आणि ती खरंच गेली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, कांद्याचे ट्रक धडधडत चाललेला तो रस्ता फळी बांधलेला हात छातीशी धरून ओलांडला, आणि समोरच्या चहाच्या टपरीशेजारी दवाखान्याकडे पाठ करून खाली बसली. उघड्या दारातून मंगलला ती पाठ दिसत होती. हिरव्या लुगड्याची, जरा वाकलेली.

तेव्हा तिचे हात सुटले.

आतली खोली अंधारी होती. पोटावर गार चिकट पडलं आणि तिनं डोळे गच्च मिटले. औटीबाईंचा हात डाव्या बरगडीखाली थांबला. मग दुसऱ्या बाजूला. मग खाली.

"मला सांगू नगा," मंगल म्हणाली. "काय बी हाय ते सांगू नगा."

"पोरी, तिसऱ्या महिन्यात हे मशीन तेवढं सांगतच नाही. आणि कळलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता डोळे उघड आणि इकडे बघ. हे काळं दिसतंय ना, बरगडीखाली? हे रक्त. तुझी प्लीहा फाटलीय, तिथून येतंय. आणि हे बघ."

मंगलनं पाहिलं. राखाडी मुंग्यांच्या मधोमध एक ठिपका फडफडत होता. घाईघाईनं, एखाद्या घाबरलेल्या पाखरासारखा.

"जितं हाय?"

"जिवंत आहे. पण तू राहिलीस तर ते राहील. पोट उघडावं लागेल, आत्ताच."

पोट उघडणार. मागच्या खेपेलाही भूल दिली होती, उठल्यावर पोटात काही नव्हतं. या लोकांनी उद्या सांगितलं की वाचलं नाही, तर कुणाला विचारायचं?

स्ट्रेचरवरून नेताना तिला उघड्या दारातून भागू रस्ता ओलांडून पळताना दिसला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात शाईची डबी. टपरीपाशी तो वाकला. साळुबाईनं डावा हात पुढं केला.

परत अंगठा.

भागू धापा टाकत आला. "आजी म्हंत्यात, गडी मानसं ट्रॉलीसंगं मागनं येत्यात. रक्त द्यायला तिघं-चौघं येतील," तो डॉक्टरांना सांगत होता. मंगलनं त्याच्या बाहीला धरलं.

"त्या कागदावर काय लिवलंय?"

"ऑपरेशनचा कागद हाय, बाई."

"वाचून दाखवा. समदा."

डॉक्टर औटी हात धुऊन उभे होते. "वेळ नाही," ते म्हणाले. औटीबाईंनी कागद घेतला आणि तिच्या कानाशी वाकून वाचला. पोटातला रक्तस्राव थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया, गरज पडल्यास प्लीहा काढणे. रुग्ण गरोदर आहे. जिवाला धोका आहे, गर्भालाही आहे, याची कल्पना दिली आहे.

"गर्भ काढणे असं कुठं हाय?"

"नाही. कुठंच नाही. पण मंगल, तो राहीलच असं वचन मी देत नाही. रक्त फार गेलंय. भूल द्यायचीय. आम्ही जपू, एवढंच सांगते."

मंगलनं हात पुढं केला. "पेन द्या. मला सही येती."

"आजींचा अंगठा झालाय, चालतंय तेवढं," नर्स म्हणाली.

"मागं बी त्यांचाच झाला व्हता. मला कुणी इचारलं न्हाई."

औटीबाईंनी स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. अंगठ्याची शाई अजून ओली होती. तिच्याखाली मंगलनं सातवीच्या अक्षरात, वाकडंतिकडं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याच्या नावाशी तिचा हात गळून पडला, तो भागूनं धरला आणि उचलून परत कागदावर ठेवला. मग तिला पुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा बाहेर ऊन होतं आणि पोट जाळत होतं. बोलायला ओठ उघडत नव्हते. तिनं हात पोटाकडे न्यायचा प्रयत्न केला, तो कुणीतरी अडवला. भरत होता. त्याच्या दंडाला कापूस चिकटवलेला होता आणि डोळे सुजले होते.

"मला का न्हाई सांगितलंस?" तो म्हणाला.

ती दाराकडे बघत राहिली. औटीबाई येईपर्यंत तिनं कुणाचं ऐकलं नाही, पाण्याचा बोळासुद्धा घेतला नाही. घरची माणसं सांगतील ते तिला नको होतं, स्वतः बघायचं होतं. भरत आणि भागूनं मिळून तिची खाट त्या अंधाऱ्या खोलीपर्यंत ढकलली, तेव्हा ज्या मशीनला ती घाबरत आली होती त्याच्याकडे तिनं आपणहून मान वळवली. ठिपका फडफडत होता.

मागच्या खेपेला न आलेलं रडू तिला तेव्हा आलं, दोन वर्षं उशिरा. टाके दुखत होते म्हणून मोठ्यानं रडताही येत नव्हतं.

श्रावणात तिला मुलगी झाली. भरतनं नाव ठेवलं संस्कृती. साळुबाई बाळंतिणीच्या खोलीत आली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि मुलगा की मुलगी याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातून डिंकाचे लाडू आणले.

"आत्या, मला डिंकाचे न्हाई जात," मंगल म्हणाली. "हळिवाचे करा."

साळुबाई डब्याकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली, आणि डबा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हळिवाचे आले. त्यावर त्या दोघी कधीच बोलल्या नाहीत. साळुबाईचं मनगट शेवटपर्यंत जरा वाकडंच राहिलं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या आजारात तिला तपासायला नेलं तेव्हा मशीनच्या खोलीत मंगलनंच तिचा हात धरला होता. "भ्या वाटतंय गं," ती म्हणाली होती.

भरतनं ती ट्रॉली अपघाताच्याच महिन्यात विकली. पुढं नवी घेतली, पण तिच्यात माणसं कधी बसवली नाहीत. गणेश जयंतीला वाडी दुसऱ्याच्या गाडीनं जाते. औटीबाईंचा दवाखाना आता त्यांची सून चालवते. बाई स्वतः वयामुळं घरीच असतात आणि लोक अजून सल्ल्याला त्यांच्या अंगणात जाऊन बसतात. भागू निवृत्त होऊन डोंगरातल्या आपल्या गावी गेला. हिरड्याच्या दिवसांत तो झाडाखाली उभा राहून पोरांना ओरडतो, दोर बांधा म्हणून, आणि पोरं त्याला हसतात.

अक्षदा चाकणला दिली, तिला दोन मुलं. संस्कृती शिकली, मंचरच्या बाजार समितीत नोकरीला लागली, आणि आजीवर गेलीय असं सगळे म्हणतात, नाकानं आणि हट्टानंही. त्या दिवशी आजी कुठं जाऊन बसली होती ते तिला आईनं एकदाच सांगितलं. ती चहाची टपरी आता नाही. रस्ता चौपदरी झाला.

मंगलच्या पोटावर वरपासून खालपर्यंत व्रण आहे. खांदा परत कधी दुखला नाही. ती अजून लेण्याद्रीला जाते, पण जीपमध्ये असो की एसटीत, बसल्याबरोबर आधी दांडी शोधते आणि दोन्ही हातांनी धरून ठेवते. गाणी मात्र आता म्हणते.